सर्जरीचा औषधखर्च शेजारच्यांपेक्षा जास्त दिसतो, म्हणजे नेमकं काय?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: इंग्लंडमधल्या लेस्टरच्या तुमच्या जीपी सर्जरीचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याचे, औषधखर्चाचे जाहीर आकडे तुम्ही पाहिले, आणि शेजारच्या सर्जरीपेक्षा माणशी खर्च जवळजवळ पाव हिश्शाने जास्त निघाला. त्याच सर्जरीने तुमच्या सासूबाईंची रक्त पातळ ठेवायची एडोक्साबॅन ही गोळी ‘आता दुसरी स्वस्त पडते’ म्हणून बदलून अपिक्साबॅन दिली आणि गुडघ्यांसाठीची पॅरासिटामॉल दुकानातून विकत घ्यायला सांगितली. एकीकडे हात सैल, दुसरीकडे गोळी-गोळीचा हिशेब. डॉक्टर उधळे आहेत की कंजूष, आणि सर्जरी बदलावी का, असं तुम्ही विचारलंय. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि रोज अकरा औषधं घेतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याकडे येतेच, पण आधी आकड्यांचं बोलू.

मी इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. सुरुवातीची काही वर्षं केमिस्टच्या काउंटरमागे गेली, नंतर जीपी सर्जरीत बसायला लागले. लोकांच्या महिनोन्‌महिने चालू असलेल्या रिपीट गोळ्या तपासणं हे माझं रोजचं काम, आणि सर्जरीच्या औषधखर्चाचा तक्ता डॉक्टरांसमोर ठेवून त्यावर बोलणं हेही माझ्याकडेच. सासूबाईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जे लिहीन ते ‘हे विचारा, ते तपासून घ्या’ एवढंच धरा. यातलं वाचून एकही गोळी घरच्या घरी बंद करू नका, रक्त पातळ ठेवायची तर मुळीच नाही.

इथली सर्जरी औषध लिहून देते, केमिस्ट ते देतो आणि केमिस्टचे पैसे एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवा चुकते करते. पैसे चुकते करताना जी मोजणी होते, तीच सर्जरीवार जाहीर होते. २०१० पासूनचे आकडे खुले आहेत, दर महिन्याला नवे येतात, साधारण दोन महिने उशिराने. औषध कुठलं, किती वेळा दिलं, किती गोळ्या आणि किती पैसे, एवढं त्यात असतं. कुणाला दिलं आणि कशासाठी दिलं, हे नसतं. रुग्णांची ओळख जपायची तर ते तसंच हवं, पण त्यामुळे खर्चाचं कारण त्या तक्त्यात सापडत नाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. दोन सर्जऱ्या म्हणजे दोन वेगळी पातेली.

‘आयटम’ या शब्दातही एक फसगत आहे. चिठ्ठीवरची एक ओळ म्हणजे एक आयटम, मग त्यात सात गोळ्या असोत की छप्पन्न. एखादी सर्जरी २८ दिवसांची औषधं देत असेल तर बीपीच्या एका गोळीचे वर्षाला तेरा आयटम होतात. शेजारची सर्जरी ५६ दिवसांची देत असेल तर सहा-सात. गोळ्या तेवढ्याच, माणूस तोच, पण आकड्यांत पहिली सर्जरी दुप्पट औषधं लिहिणारी दिसते. म्हणून आयटमची तुलना करण्याआधी रिपीट किती दिवसांची देतात ते बघावं लागतं.

आता माणसांकडे वळू. विद्यापीठाजवळच्या सर्जरीत रुग्णांची निम्मी यादी विशी-पंचविशीतल्या मुलामुलींची असते. त्यांना लागतं काय, तर गर्भनिरोधक गोळ्या, मुरमांचं औषध, कधीतरी अँटिबायोटिक. दुसऱ्या सर्जरीच्या हद्दीत एखादं नर्सिंग होम असतं. तिथल्या लोकांची औषधं, जखमांच्या पट्ट्या, पौष्टिक पेयं, गिळता येत नाही म्हणून गोळीऐवजी द्यावी लागणारी पातळ औषधं, हे सगळं त्या सर्जरीच्या नावावर चढतं. गोळीचं पातळ रूप कधी कधी गोळीच्या कैक पट महाग असतं. वयाचा फरक भरून काढायला रुग्णांच्या संख्येला वय आणि लिंग यांचं वजन देऊन तुलना करायची पद्धत आहे. तुम्ही पाहिलेला आकडा नुसता माणशी असेल तर तो बाजूला ठेवा आणि वजन दिलेला शोधा. तोसुद्धा अर्धवटच असतो, कारण वय कळलं तरी आजार कळत नाहीत.

लेस्टरमध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ४३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद आशियाई वंशाचे म्हणून केली. आपल्या लोकांना टाइप २ मधुमेह लवकर गाठतो आणि कमी वजनावर गाठतो. म्हणूनच इथली मार्गदर्शक संस्था नाइस दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ ऐवजी २३ पासून मोजायला सांगते. मधुमेहाचं जुनं औषध मेटफॉर्मिन महिन्याला दोन-तीन पाउंडांत येतं. पण २०२२ मध्ये नाइसने सल्ला बदलला, आणि हृदयाचा आजार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या मधुमेहींसाठी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं पुढे आली. डापाग्लिफ्लोझिनची महिन्याची किंमत पेटंट असताना साडेछत्तीस पाउंडांच्या आसपास होती. त्याच वर्षी दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर टाइप १ असलेल्या सगळ्या प्रौढांना आणि दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेणाऱ्या टाइप २ मधल्या काहींना द्यावा, असंही ठरलं. तेव्हाचा सेन्सर चौदा दिवस टिकायचा आणि एकाला साधारण ३५ पाउंड पडायचे. म्हणजे ज्या सर्जरीने हे सल्ले मनावर घेतले तिचा मधुमेहाचा खर्च वाढणारच. तुमच्या सर्जरीत गुजराती, मराठी, पंजाबी मंडळी जास्त असतील आणि डॉक्टर नवा सल्ला पाळत असतील, तर तो पाव हिस्सा बहुधा इथेच सापडेल. तपासायचं असेल तर एकूण खर्च सोडून मधुमेहाच्या औषधांचा वेगळा तक्ता बघा.

किंमत सर्जरीच्या हातात असते हाही गैरसमज आहे. केमिस्टला किती पैसे द्यायचे ते ‘ड्रग टॅरिफ’ नावाच्या दरपत्रकावर ठरतं. बऱ्याचशा जेनेरिक (पेटंट नसलेल्या, अनेक कंपन्या बनवतात अशा) गोळ्यांचे दर तिमाहीला बदलतात आणि बाजारात तुटवडा आला तर एखाद्या महिन्यापुरते वाढवून दिले जातात. तीच चिठ्ठी, त्याच गोळ्या, आणि बिल वेगळं. सगळ्यात टोकाचं उदाहरण थायरॉइडच्या लायोथायरोनिन या गोळ्यांचं. पेटंट कधीच संपलेलं जुनं औषध. एनएचएसला २००९ मध्ये त्याच्या पाकिटाला २० पाउंड पडत होते, २०१७ मध्ये २४८. स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये या प्रकरणात १० कोटी पाउंडांहून जास्त दंड ठोठावला. मधल्या काळात ज्या सर्जरीत ही गोळी घेणारे चार-पाच रुग्ण होते तिचा आलेख अचानक वर गेलेला दिसायचा. डॉक्टरने एकही नवी चिठ्ठी लिहिलेली नसायची.

उलटही होतं. काही औषधांवर कंपन्या एनएचएसला मागाहून सूट देतात आणि ती रक्कम गोपनीय असते. जाहीर तक्त्यात मूळ दरच दिसतो. तुमच्या सासूबाईंची आधीची गोळी, एडोक्साबॅन, या जातीची. जानेवारी २०२२ मध्ये एनएचएसने सवलतीचा करार करून ‘चालणार असेल तिथे आधी हीच द्या’ असं सर्जऱ्यांना सांगितलं. तेव्हा ज्यांनी सांगितलेलं ऐकलं, त्यांनी प्रत्यक्षात पैसे वाचवले. तक्त्यात मात्र ते दिसलं नाही.

तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण भारतातून आलेल्या बहुतेकांच्या मनात असतो म्हणून एक प्रश्न मीच घेते: महाग औषध लिहिलं तर डॉक्टरला काही मिळतं का? इथल्या नेहमीच्या सर्जरीत डॉक्टर औषध विकत नाही. केमिस्टपासून मैलभराहून लांब राहणाऱ्या खेड्यातल्या रुग्णांना काही सर्जऱ्या स्वतः औषध देतात, पण शहरात तो प्रश्न येत नाही. औषधांचं बजेट तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे एनएचएसच्या स्थानिक नियोजन संस्थेकडे असतं. बोर्ड सर्जऱ्यांना काटकसरीची आणि सुरक्षिततेची उद्दिष्टं देतं, आणि ती गाठली तर बऱ्याच ठिकाणी थोडी रक्कम मिळते. मी हे झाकून ठेवणार नाही, कारण गोळी का बदलली हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्या योजनांमागचा विचार चुकीचा आहे असं मला वाटत नाही. एकाच गुणाच्या दोन गोळ्यांतली स्वस्त घेतली की उरलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या सेन्सरला लागतात. अडतं ते बदल कसा केला जातो तिथे.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. सर्जरीत नवी असताना मी दम्याच्या पंपांची यादी काढली आणि महागडा पंप घेणाऱ्यांना त्याच औषधाचा स्वस्त पंप बसल्या जागी कॉम्प्युटरवरून बदलून दिला. सगळ्यांना पत्रं गेली. औषध तेच होतं, पण जुना पंप फवारा मारणारा आणि नवा कोरड्या पावडरचा. फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा असतो, पावडरचा जोरात. साठीतले एक गृहस्थ दोन महिन्यांनी धापा टाकत आले. मी म्हटलं, पंप घेऊन दाखवा. त्यांनी वीस वर्षांच्या सवयीने हळूच, लांब श्वास घेतला. पावडर तोंडातच राहिली. त्यांच्या नोंदीत निळे पंप एकाचे तीन झाले होते. औषध छातीत पोचत नव्हतं, म्हणून ते तात्पुरता आराम देणारा हा निळा पंप ओढत होते. त्या दिवसापासून समोर बसवून, घेऊन दाखवायला लावल्याशिवाय मी कुणाचाही पंप बदलत नाही.

पंपांचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. निळा पंप दीड पाउंडाच्या आसपास येतो. दमा मुळात आटोक्यात ठेवणारा, रोज घ्यायचा जोडऔषधाचा पंप तीस पाउंडांच्या घरात जातो. जी सर्जरी निळे पंप मागतील तितके देत राहते ती तक्त्यात स्वस्त दिसते. २०१४ मध्ये इथे दम्याने झालेल्या मृत्यूंची देशभर तपासणी झाली. मृत्यूच्या वेळी निळा पंप चालू असलेल्या आणि किती दिले त्याची नोंद सापडलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिले गेले होते. स्वस्त औषध होतं, कुणाच्या खर्चाच्या तक्त्यात ते डोळ्यांत भरलं नसतं. म्हणून माझ्यासमोर दोन सर्जऱ्यांचे आकडे ठेवले तर मी आधी निळ्या पंपांचं प्रमाण बघते. मग एकूण अँटिबायोटिकांत को-अमॉक्सिक्लॅव्हसारखी व्यापक मारा करणारी किती ते बघते. पौंड शेवटी.

तुमच्या दोन तक्रारींकडे येते.

गोळी बदलणं मूळात गैर नाही. अपिक्साबॅनचं पेटंट इथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवलं, जेनेरिक गोळ्या आल्या, दर कोसळले, आणि एडोक्साबॅन आधी द्या म्हणणारा सल्ला पुढे फिरला. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांमध्ये पक्षाघात टाळायला अपिक्साबॅन उत्तम औषध आहे, मूत्रपिंडावर तिचा भार तुलनेने कमी असतो आणि उपाशीपोटी घेतली तरी चालते. पण एडोक्साबॅन दिवसातून एकदा होती आणि ही दोनदा घ्यायची आहे. संध्याकाळची गोळी विसरली तर पुढचे काही तास संरक्षण कमी पडतं. सासूबाई रात्रीच्या गोळ्या नियमित घेतात का, हे बदलण्याआधी कुणी विचारलं होतं का? नसेल तर आता तुम्ही सांगा.

दुसरं डोसचं. ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी अपिक्साबॅनचा डोस ठरवताना तीन गोष्टी बघतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की हे वाढतं) १३३ मायक्रोमोल/लिटर किंवा जास्त. यांपैकी दोन लागू झाल्या तर ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदाच. मूत्रपिंड फारच मंदावलं असेल तर एवढ्यानेही डोस कमी होतो. सासूबाईंच्या बाबतीत वयाचा निकष दोन वर्षांनी लागू होईल, म्हणजे आज बरोबर असलेला डोस तेव्हा पुन्हा तपासावा लागेल. आणि त्यांचं वजन सर्जरीत शेवटचं कधी केलं? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आजींच्या नोंदीत चार-पाच वर्षांपूर्वीचं वजन असतं, आणि समोर बसलेली बाई त्याहून आठ-दहा किलोंनी वाळलेली असते. काट्यावर उभं करायला अर्धं मिनिट लागतं. हे सगळं बघून गोळी बदलली असेल तर डॉक्टरांनी योग्य केलं. न बघता, नुसत्या यादीवरून बदलली असेल तर तुमचा राग रास्त आहे, आणि त्याला किमतीशी काही देणंघेणं नाही.

जेनेरिकबद्दल एवढंच की बहुतेक गोळ्यांत नाव बदललं तरी औषध तेच असतं. काही ठिकाणी मात्र कंपनी बदलू नये असं ठरलेलं आहे: फिनिटॉइन आणि कार्बामाझेपिनसारखी मिरगीची काही औषधं, लिथियम, अवयव बदललेल्यांची टॅक्रोलिमस, इन्शुलिन. यांतलं काही घरात कुणाला चालू असेल आणि पाकीट वेगळं दिसलं तर केमिस्टकडे थांबून विचारा.

पॅरासिटामॉलचा नकार २०१८ च्या मार्गदर्शनातून आलाय. किरकोळ, आपोआप बऱ्या होणाऱ्या ३५ तक्रारींसाठी दुकानात मिळणारी औषधं चिठ्ठीवर सहसा देऊ नयेत असं त्यात आहे. दोन दिवसांची डोकेदुखी, सर्दी, कोंडा, साधा ‘हे फिव्हर’ (परागकणांची सर्दी-शिंका) वगैरे. पण गुडघ्यांची जुनाट झीज असेल आणि पॅरासिटामॉल रोज, नेमाने घ्यावी लागत असेल तर ती या यादीत बसत नाही. रिसेप्शनवरून नकार आला असेल तर ‘हे तात्पुरत्या दुखण्यासाठी नाही, दीर्घकाळच्या आजारासाठी आहे’ असं लिहून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला पाठवा. अर्थात या वयात वजन ५० किलोंच्या खाली असेल तर पॅरासिटामॉलचाही डोस कमी करायचा असतो, तेव्हा इथेही तो वजनकाटा आहेच.

तुमच्या स्वतःच्या खिशाचं जाता जाता सांगते. सासूबाई साठीच्या पुढच्या, त्यांना चिठ्ठीचे पैसे नाहीत. तुम्हाला मे २०२४ पासूनच्या दराने एका आयटमला ९.९० पाउंड पडतात. वर्षात बारा किंवा जास्त आयटम लागत असतील तर ११४.५० पाउंडांचा वर्षाचा पास काढा, परवडतो. थायरॉइडची गोळी रोज घेणारे आणि मधुमेहावर औषध घेणारे यांना सूटपत्र मिळतं आणि मग त्यांची सगळीच औषधं मोफत होतात. सर्जरीतून अर्ज करावा लागतो, आणि आपल्या लोकांपैकी पुष्कळजण तो न केल्यामुळे वर्षानुवर्षं पैसे भरत राहतात. बीपी आणि दमा या सवलतीत नाहीत.

आणि आता अकरा औषधं.

काही वर्षांपूर्वी एक आजी मुलाबरोबर आल्या होत्या. मी फोनवर सांगितलं होतं की घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. बीपीच्या अम्लोडिपिनच्या तीन न उघडलेल्या पेट्या निघाल्या, पाणी काढायची फ्युरोसेमाइड, गाउटची अ‍ॅलोप्युरिनॉल, दुखण्यावरची नॅप्रॉक्सेन, आणि नॅप्रॉक्सेनने पोट जळू नये म्हणून ओमेप्राझोल. अम्लोडिपिनच्या उरलेल्या पेट्या बघून मी विचारलं, ही घेत नाही का? त्या म्हणाल्या, ‘पायाला सूज येते गं, म्हणून मी आपली एक दिवसाआड घेते.’ तिथून उलटं जात नोंदी काढल्या. अम्लोडिपिनचा डोस वाढवल्यावर घोट्यांना सूज आली होती, हा त्या गोळीचा नेहमीचा परिणाम. कुणीतरी सूज बघून पाणी काढायची गोळी दिली. ही सूज त्या गोळीने फारशी जात नाही, पण यूरिक अ‍ॅसिड वाढलं आणि पायाचा अंगठा सुजला, हाच गाउट. त्यावर अ‍ॅलोप्युरिनॉल आणि नॅप्रॉक्सेन, नॅप्रॉक्सेनमुळे बीपी आणखी वर, मूत्रपिंडावर ताण, आणि पोटासाठी ओमेप्राझोल. चार नवी औषधं एका वाढवलेल्या डोसातून. प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, आणि त्या त्या दिवशी प्रत्येकाचा निर्णय समजण्यासारखा होता.

अम्लोडिपिन धरून त्या पाचही औषधांची महिन्याची एकत्र किंमत थोडेसे पाउंड. तुम्ही पाहिलेल्या तक्त्यात हे प्रकरण शोधूनही सापडलं नसतं. आजी मात्र रात्री तीनदा लघवीला उठत होत्या आणि एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या. आम्ही डॉक्टरांशी बोलून अम्लोडिपिन कमी केली, बीपीसाठी दुसऱ्या जातीची गोळी जोडली, नॅप्रॉक्सेन थांबवली, मग एकेक करत बाकीची. सगळं एकदम नाही. दोन-तीन आठवड्यांनी एक पाऊल, प्रत्येक वेळी बीपी आणि रक्त तपासून. चार महिने लागले.

इंग्लंडमध्ये या विषयाची मोठी पाहणी २०२१ मध्ये देशाचे तेव्हाचे मुख्य फार्मास्युटिकल अधिकारी कीथ रिज यांच्या नेतृत्वाखाली झाली. सर्जऱ्यांमार्फत दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी सुमारे दहा टक्के गरज नसलेली असावीत, आणि ६५ च्या वरच्या लोकांच्या हॉस्पिटलमधल्या भरतीपैकी जवळजवळ पाचातली एक औषधांच्या दुष्परिणामांमुळे होते, असा तिचा अंदाज होता. वाया जाणाऱ्या औषधांवर त्याआधी २०१० मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात इंग्लंडमधला आकडा वर्षाला ३० कोटी पाउंडांचा निघाला. घरी नेलेली पेटी न उघडता परत केली तरी दुसऱ्याला देता येत नाही, नष्टच करावी लागते. आजींच्या त्या तीन पेट्या मी अशाच टाकल्या.

म्हणून सर्जरी चांगली की वाईट हे मला ठरवायचं असेल तर मी खर्च विचारत नाही. अकरा औषधं घेणाऱ्या माणसाची सगळी यादी शेवटची कधी, कुणी, त्याला समोर बसवून वाचली, हे विचारते. तुमची सर्जरी याला नीट उत्तर देत असेल तर बदलू नका. नव्या सर्जरीत पहिले काही महिने तर जुनी रिपीट यादी बहुतेक वेळा जशीच्या तशी उतरवली जाते, आणि सासूबाईंना ओळखणारं तिथे कुणी नसतं. विचारूनही कुणी वेळ देत नसेल, प्रत्येक वेळी ‘रिपीट चालू ठेवा’ एवढंच होत असेल, तर शेजारच्या सर्जरीचा जरूर विचार करा. ती स्वस्त आहे म्हणून नव्हे.

रिसेप्शनला फोन कराल तेव्हा नुसती डॉक्टरांची वेळ मागू नका. ‘स्ट्रक्चर्ड मेडिकेशन रिव्ह्यू’, म्हणजे सगळ्या औषधांची समोर बसून केलेली तपासणी, हवा असं याच इंग्रजी शब्दांत सांगा. २०२० पासून हे काम सर्जऱ्यांच्या गटांकडे दिलेलं आहे आणि दहा किंवा जास्त औषधं घेणारे त्यात प्राधान्याने येतात. वेळ नेहमीच्या दहा मिनिटांपेक्षा मोठी मिळते. घरातलं सगळं पिशवीत भरून न्या: भारतातून आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीने दिलेलं मलम, सगळं. अपिक्साबॅनबरोबर काय चालतं आणि काय नाही हे बघायला ती यादी पूर्ण लागते. प्रत्येक औषधासाठी विचारा की हे कशासाठी आहे, अजून लागतं का, आणि थांबवलं तर कशावर लक्ष ठेवायचं.

आणि दुभाषी मागा. एनएचएसमध्ये तो मोफत मिळतो, मराठीसाठीही, बहुतेक वेळा फोनवर. तुम्ही सासूबाईंचं सगळं प्रेमाने करता हे तुमच्या प्रश्नातूनच दिसतं, पण माझा अनुभव असा आहे की लघवी सुटणं, गोळी मुद्दाम टाळणं, न्हाणीघरात पडणं या गोष्टी आजी सुनेसमोर किंवा मुलासमोर सांगत नाहीत. पहिली पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा आणि त्यांना दुभाष्याशी एकटीला बोलू द्या.